पाचशे पौंडांत नेमकं काय मिळतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं लग्न गेल्या डिसेंबरात सांगलीत झालं. नवरा इंग्लंडमध्ये स्लाऊला एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. त्यांना २०२३ साली आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली. पासपोर्ट मात्र भारतीयच आहे. यंदा जूनमध्ये त्यांनी नोकरी बदलली. आधी पगार वर्षाला ३१,००० पौंड होता, आता ३३,००० आहे. मध्ये खंड पडला नाही. सगळे म्हणतात, नव्या नोकरीच्या सहा पेस्लिपा हातात आल्याशिवाय, म्हणजे डिसेंबरशिवाय, माझा स्पाऊस व्हिसाचा अर्ज करता येणार नाही. मला आता, ऑगस्टअखेर, चौदावा आठवडा चालू आहे. एक एजंट म्हणतात, सव्वा लाख द्या, 'प्रायॉरिटी'त घालून देतो, आत ओळख आहे. सासूबाई म्हणतात, एवढे पैसे कशाला, टुरिस्ट व्हिसावर जा, बाळंतपण तिथंच होऊ दे, पुढचं पुढं बघू. इंग्रजीची परीक्षा मी पास झाले आहे. पैसे भरून घाई करावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी अभिनंदन. आता कामाचं बोलू.

लंडनमधल्या साउथॉलला एका वकिलांच्या कचेरीत मी बरीच वर्षं अशा फायली लावत होते. एरवी मला कोणी हा प्रश्न विचारला, तर मी पैसे वाचवा म्हणते. तुम्हाला भरा म्हणणार आहे. पण डिसेंबरात नाही, आणि त्या एजंटांच्या हातून तर नाहीच.

प्रायॉरिटीत काय मिळतं ते बघा. परदेशातून केलेल्या जोडीदाराच्या अर्जाचा निकाल साधारण १२ आठवड्यांत देतो असं ब्रिटनचं गृहखातं सांगतं. वर ५०० पौंड भरले की तोच निकाल कामकाजाच्या ३० दिवसांत, म्हणजे सहा आठवड्यांत देण्याचा प्रयत्न होतो. मोजणी ऑनलाइन अर्ज भरल्या दिवसापासून नाही, व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे दिल्यापासून होते. शनिवार, रविवार आणि तिथल्या सुट्ट्या धरायच्या नाहीत. नाताळ मध्ये आला की सहा आठवड्यांचे सात होतात. थोडक्यात, ५०० पौंडांत सहा आठवडे मिळतात. नियम तेच राहतात, आणि व्हिसा नाकारला तर ते पाचशे परत येत नाहीत. १,९३८ पौंडांची मूळ फी (हा एप्रिल २०२५ चा दर) हीसुद्धा गेली म्हणायची. परत येतो तो फक्त आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरून घेतात ते पैसे. तो वर्षाला १,०३५ पौंड, आणि व्हिसा ३३ महिन्यांचा असला तरी तीन वर्षांचा धरतात, म्हणजे ३,१०५.

सहा आठवड्यांसाठी पन्नास हजारांहून जास्त रुपये मोजायचे आणि त्याआधी डिसेंबरपर्यंत तीन महिने नुसतं बसून राहायचं, यात काही अर्थ नाही. तुमचा वेळ तिथं जातो आहे.

सहा पेस्लिपांची गोष्ट खोटी नाही, अर्धवट आहे. जोडीदाराला बोलावणाऱ्याच्या उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड झाली. एकाच मालकाकडे सहा महिने पूर्ण झालेले असतील तर त्या सहा महिन्यांचे कागद लावायचे. याला 'कॅटेगरी ए' म्हणतात. सहा महिने झालेले नसतील त्यांच्यासाठी 'कॅटेगरी बी' आहे, आणि तिच्याबद्दल सांगली-कोल्हापूरकडे कोणी बोलताना दिसत नाही! तिथं दोन गोष्टी दाखवायच्या : आजचा पगार वर्षाच्या हिशेबानं २९,००० किंवा जास्त आहे, आणि गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष झालेली एकूण कमाईही (कर कापण्याआधीची) तेवढी आहे. तुमचे यजमान दोन्हीत बसतात. त्यांच्याकडून जुन्या आणि नव्या दोन्ही नोकऱ्यांच्या मिळून बारा महिन्यांच्या पेस्लिपा, तेवढ्याच काळाची बँक स्टेटमेंट्स आणि आताच्या मालकाचं पत्र मागवा. पेस्लिपवर जी रक्कम निव्वळ पगार म्हणून आहे, तीच बँकेत जमा झालेली दिसली पाहिजे. जुन्या कंपनीची एखादी पेस्लिप हरवली असेल तर त्यांनी आजच तिथं फोन करावा. नोकरी सोडून गेलेल्या माणसासाठी कोणी धावपळ करत नाही, हा माझा अनुभव.

दुसरी अडचण टीबी नसल्याच्या दाखल्याची, आणि तिकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. भारतातून जाणाऱ्याला तो मान्यताप्राप्त दवाखान्यातूनच घ्यावा लागतो. एरवी छातीचा एक्स-रे काढला की काम झालं. गरोदर बाईला तीन वाटा असतात : पोटावर संरक्षक आवरण घालून एक्स-रे, किंवा थुंकीची तपासणी, किंवा बाळंतपण होईपर्यंत थांबणं. थुंकीच्या तपासणीत किरणांचा प्रश्नच नाही, पण निकालाला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात, आणि दाखल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. म्हणजे पाचशे पौंड देऊन सहा आठवडे वाचवायचे आणि इकडे आठ घालवायचे. कोणती वाट घ्यायची हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तुम्हीच ठरवा. तो अधिकार माझा नाही, सासूबाईंचाही नाही. मी फक्त आठवडे मोजून दाखवते.

आवरण घालून एक्स-रे काढलात आणि महिन्याभरात ठसे दिलेत, तर प्रायॉरिटीनं निकाल चोविसाव्या आठवड्याच्या आसपास येतो. साध्या रांगेत तिसाव्याच्या. थुंकीची तपासणी केलीत तर प्रायॉरिटीनंसुद्धा तीस-एकतीस होतात, आणि साध्या रांगेत विमानच हुकेल. डिसेंबरात अर्ज केलात तर पाचशे भरूनही पस्तिसावा उजाडतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तिसाव्यानंतर सहसा बसवून घेत नाहीत.

तुम्हाला भरा म्हणते त्याचं कारण बाळ आहे. यजमानांकडे आयएलआर आहे, त्यामुळे बाळ इंग्लंडमध्ये जन्मलं तर जन्मतःच ब्रिटिश नागरिक. तेच बाळ सांगलीत जन्मलं आणि तोवर वडिलांना नागरिकत्व मिळालेलं नसलं, तर ते ब्रिटिश नाही. त्याचा वेगळा अर्ज, वेगळी फी (एप्रिल २०२५ च्या दरानं १,९३८), आणि मुलांचा अधिभार वर्षाला ७७६ याप्रमाणे २,३२८. बेरीज ४,२६६ पौंड होते. त्यापुढे पाचशे म्हणजे काहीच नाही.

यजमानांना आयएलआर मिळून वर्ष उलटलं आहे, तेव्हा बाकीच्या अटी बसत असतील तर त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज आत्ताच करावा. जन्माआधी त्यांचा नागरिकत्वाचा समारंभ होऊन गेला, तर भारतात जन्मलेलं बाळही ब्रिटिश ठरतं. मंजुरीचं पत्र पुरत नाही, समारंभ व्हावा लागतो. या अर्जाला साधारण सहा महिने धरतात आणि त्याला पैसे देऊन पुढे जायची सोयच नाही. तुमच्या तारखा बघता ते थोडक्यात हुकण्याचीच शक्यता जास्त, म्हणून त्यावर विसंबू नका.

टुरिस्ट व्हिसाचं मनातून काढून टाका. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला तिथं बसून स्पाऊस व्हिसावर बदलून घेता येत नाही, परत यावंच लागतं. बाळंतपणाचं बिल एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, पाहुण्यांना दीडपट दरानं लावते. आणि बाळंतपणासाठी जायचं हे मनात ठेवून अर्जात 'फिरायला' लिहिलंत, तर ते खोटं पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतं. सासूबाईंना या दीडपट बिलाचं सांगा, त्या ऐकतील.

एजंटांचं काय, तर आत कुणाचीच ओळख नसते. पुण्यातलं किंवा मुंबईतलं व्हीएफएस या खाजगी कंपनीचं केंद्र ठसे, फोटो आणि कागद घेतं, निकाल इंग्लंडमधले अधिकारी देतात. प्रायॉरिटी ही अपॉइंटमेंट घेताना तुमची तुम्हीच ऑनलाइन निवडायची असते, पावतीवर रक्कम छापून येते. सव्वा लाखातून पाचशे पौंड वजा करा, उरतं ते त्यांचं. केंद्रात कुरिअर, एसएमएस, वेगळी बसायची खोली असंही विकतात, त्यानं निकालाला एक दिवसही फरक पडत नाही. मदत हवीच असेल तर यजमानांनी तिथं सॉलिसिटर (वकील) गाठावा, किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीच्या यादीत नाव असलेला सल्लागार (जानेवारी २०२५ पर्यंत या संस्थेला ओआयएससी म्हणत).

फायलीत लग्नाचा महापालिकेचा दाखला लागेलच. जे कागद फक्त मराठीत आहेत त्यांचं भाषांतर जोडा, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'भाषांतर बिनचूक आहे' असं वाक्य पाहिजे. फोटो शंभर नकोत, वीस पुरे.

आणि निकाल नाकारल्याचा आला तर भारतातून अपील करायला २८ दिवस असतात, पण अपिलाची सुनावणी व्हायला कित्येक महिने जातात, तिथं तुमचा हिशेब साफ कोलमडेल. म्हणून घाई अर्ज पाठवण्याची करा, कागद तपासण्याची नको. पेस्लिप आणि स्टेटमेंट समोरासमोर ठेवून दोघांनी व्हिडिओ कॉलवर एक एक ओळ ताडून बघा.

प्रश्न : माझे पती पेडण्याचे, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये स्विंडनला असतात, सेटल्ड स्टेटस (युरोपियन नागरिकांना मिळणारी कायम राहायची परवानगी) आहे. आमची ओळख २०२२ ची, लग्न २०२४ चं. तिथले लोक म्हणतात, युरोपियन माणसाच्या बायकोला परमिट फुकट मिळतं, प्रायॉरिटीचे पैसे कशाला? खरं का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : फुकटचं फॅमिली परमिट आहे, पण तुमच्यासाठी नाही. त्यासाठी नातं ३१ डिसेंबर २०२० च्या आधीचं लागतं, आणि तुमची ओळखच त्यानंतरची. तुम्हाला सांगलीच्या ताईंसारखाच स्पाऊस व्हिसा घ्यावा लागेल : तीच फी, तीच २९,००० ची अट. सेटल्ड स्टेटसवर पती स्पॉन्सर होऊ शकतात, म्हणजे तुम्हाला बोलावू शकतात. चुकून फुकटाचा अर्ज केलात तर पैसे जाणार नाहीत, महिने जातील.

पाचशे पौंडांचं म्हणाल, तर तुम्ही तारखेची कुठली अडचण लिहिलेली नाही. मग साध्या रांगेत राहा आणि ते पैसे तिकिटाला ठेवा. एक मात्र बघा : गोव्यात लग्नाची नोंद दोन सह्यांत होते. पहिल्या सहीनंतर मिळालेला कागद लावू नका, दुसरी सही झाल्यावरचा सिव्हिल रजिस्ट्रारचा दाखला काढून तोच जोडा.