कोरडवाहू गावातल्या आमच्या बचत गटात बहुतेक बायकांचं आणि त्यांच्या मुलांचं रक्त कमी आहे. गोळ्या सोडून घरच्या शेतीतून काय करता येईल?

गोळ्या सोडू नका. हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर नुसत्या जेवणाने ते भरून यायला फार वेळ लागतो, आणि गरोदर बाईला तर 180 दिवस लोह-फॉलिकची गोळी हवीच. चढलेलं रक्त टिकवणं हे आहाराचं काम.

सुरुवात भाकरीपासून करा, कारण ती रोज खाल्ली जाते. येत्या खरिपात घरी खायपुरती तरी ‘धनशक्ती’ बाजरी पेरा. 2012 साली महाराष्ट्रात आलेलं हे वाण किलोमागे साधारण 71 मिलिग्रॅम लोह देतं. म्हणजे 200 ग्रॅम पिठात 14 मिलिग्रॅम. बाईची रोजची गरज 29 आहे. वाण संकरित नसल्याने बी घरचं धरता येतं. मात्र शेजारी दुसरी बाजरी असेल तर परागकण वाऱ्याने येतात, म्हणून बियाण्याला बांधालगतची कणसं नकोत, रानाच्या मधली घ्या. पीठ थोडं थोडं दळा. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं आणि मग मुलं भाकरीला तोंड लावत नाहीत.

या लोहातलं थोडंच अंगी लागतं, आणि तेही चहा घालवतो. शेतावर जायच्या घाईत चहा-भाकरी हीच न्याहारी, हे मान्य. तरी चहा तासभर पुढे ढकला. एक पैसा न लागणारी याहून मोठी सुधारणा मला माहीत नाही. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त अंगी लागतं. पण लिंबू भाजी उतरवल्यावर पिळा, शिजताना हे जीवनसत्त्व जातं. याचसाठी मटकीलाही मोड आणा.

परसात पालकापेक्षा शेवगा लावा. पाणी कमी लागतं, आणि पालकातलं लोह फारसं शोषलं जात नाही. झाड छाटून हाताशी ठेवा. पाला सावलीत वाळवा, उन्हात त्यातलं अ जीवनसत्त्व घटतं. भाजीत तेल किंवा शेंगदाण्याचा कूट हवाच, स्निग्धाशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला वरणाचं पाणी देऊ नका. त्याने पोट भरतं, पोषण होत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट वरणभात तेल-तूप घालून द्या. घरच्या कोंबडीची अंडी विकून बिस्किटं आणली जातात, हे गटात स्पष्ट बोला: आधी मुलाचं अंडं, मग बाजार.

जंताची गोळी चुकवू नका. एवढं करूनही रक्त चढत नसेल तर सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करून घ्या, विशेषतः नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत.