स्क्रोल अडकतोय? रॅमच्या मागे लागण्याआधी हे बघा (ईमॅक्स, विंडोज, मराठी फाइल)

ईमॅक्समधे मराठी फाइल स्क्रोल करताना अडकते, ही तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना, कारण सगळं माझंच आहे. ऑफिसचा विंडोज लॅपटॉप, ईमॅक्स २९ (मजकूर लिहायचा एडिटर), ऑर्गमधे (ईमॅक्सचा टिपणांचा मोड) मराठी शब्दसंग्रहाची भलीमोठी फाइल, हौसेने पिक्सेल-स्क्रोल-प्रिसिजन-मोड (पिक्सेलपिक्सेलने सरकणारा गुळगुळीत स्क्रोल) चालू केला तर गुळगुळीत राहिलं बाजूला, मधेच गचका बसून थांबतंय, कोडच्या इंग्रजी फाइली मात्र मस्त पळतायत. आणि वर आयटीवाले म्हणतायत रॅम वाढवा.

इनिट फाइल (ईमॅक्सच्या सेटिंग्जची फाइल), व्हेरिएबल (एकेक सेटिंग) कसं सेट करायचं वगैरे सोडून देतो, इथवर आलात म्हणजे येतच असणार.

मराठी अडकते आणि इंग्रजी अडकत नाही, यातच निम्मं उत्तर आलं. रॅम खरंच कमी असती तर दोन्हींनी रडायला हवं होतं. आता एक करा, गार्बेज-कलेक्शन-मेसेजेस हे व्हेरिएबल टी (म्हणजे चालू) करा आणि तीच फाइल सावकाश स्क्रोल करत खाली एको एरियाकडे (ईमॅक्सच्या तळाची मेसेजची ओळ) लक्ष ठेवा. प्रत्येक गचक्याला तिथे कचरा गोळा केल्याचा (वापरून झालेली मेमरी मोकळी केल्याचा, हेच गार्बेज कलेक्शन) मेसेज झळकला तर चोर सापडला.

होतं काय की देवनागरी, इंग्रजी, ऑर्गच्या हेडिंगला लावलेले गोंडस गोळे आणि मोडलाइनमधली (खिडकीखालची माहितीची पट्टी) चित्रं, हे सगळं वेगवेगळ्या फॉन्टमधून येतं. गार्बेज कलेक्शन झालं की ईमॅक्स फॉन्टची कॅश (हाताशी ठेवलेला साठा) पण आवळतो, म्हणजे आत्ता उघडलेला फॉन्ट बाहेर टाकतो, पुढची ओळ दिसायला लागली की तोच परत उघडतो, उघडताना मेमरी खातो, म्हणून परत कलेक्शन, परत बाहेर. पिक्सेल स्क्रोलमधे हे जास्त जाणवतं, कारण ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात हे सगळं कुठून बसणार? ओळीओळीने उडी मारत जाताना हाच गचका खपून जातो.

उपाय एका ओळीचा आहे, इन्हिबिट-कॉम्पॅक्टिंग-फॉन्ट-कॅशेस टी करा. मेमरी थोडी जास्त जाईल, जाऊ दे. सोबत सेट-फॉन्टसेट-फॉन्ट वापरून देवनागरीला एकच फॉन्ट नेमून द्या, विंडोजवर निर्मला यूआय असतोच, म्हणजे ईमॅक्सला शोधाशोध नको. आणि ते गोळे काढून टाका, माझं मत आहे, राग मानू नका.

आता माझी भडास. ही एक ओळ मला फार उशिरा कळली कारण आमच्या तेव्हाच्या कंपनीतल्या आयटी विभागाने (नाव घेत नाही) मला रॅमच्या नादी लावलं. तिकीट टाकलं की 'रिसॉल्व्ड' म्हणून बंद, परत उघडलं की 'हे सॉफ्टवेअर मान्यताप्राप्त यादीत नाही'. टास्क मॅनेजरचे फोटो पाठवले, त्यात निम्मी रॅम मोकळी दिसतेय, तरी रॅम बदलली. फरक पडला नाही म्हणून लॅपटॉप 'तपासायला' नेला तो सरळ फॉरमॅट करून दिला, न विचारता, आणि त्यात माझी वर्षानुवर्षं जमवलेली कॉन्फिग (सगळी सेटिंग्ज) गेली. बॅकअप तेच घेत होते, म्हणे त्यात फक्त डॉक्युमेंट्स फोल्डर येतं! नवीन विंडोजवर ईमॅक्स टाकला, मराठी फाइल उघडली, गचका जिथल्या तिथे. म्हणून सांगतो, लॅपटॉप हातातून सोडण्याआधी कॉन्फिग गिटमधे (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) ढकलून ठेवा.

बाकी नेटवर जे 'स्पीडचे उपाय' फिरतात त्यातले काही डोळे झाकून उचलू नका. जीसी-कॉन्स-थ्रेशोल्ड (किती मेमरी वापरली की कलेक्शन व्हावं ती मर्यादा) मुळात ८०० केबीच्या आसपास असतो, लोक तो थेट १ जीबी करतात, मग कलेक्शन क्वचित होतं पण झालं की चांगलाच थांबतो. मी ३२ एमबीवर समाधानी आहे, तुमच्या मशीनवर वेगळं असू शकतं. बिडी-डिस्प्ले-रीऑर्डरिंग (उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिपींची मांडणी) निल, म्हणजे बंद, करा असंही वाचाल, ते करू नका, ते डीबगिंगपुरतं आहे. मराठी डावीकडूनच जाते, तेव्हा बिडी-पॅराग्राफ-डायरेक्शन लेफ्ट-टू-राइट आणि बिडी-इन्हिबिट-बीपीए (कंसांच्या दिशेचा हिशोब बंद करणारं) टी एवढं पुरतं. ऑटो-कॉम्पोझिशन-मोड बंद केला तर वेग वाढेल कदाचित, पण जोडाक्षरं फुटतील, मग ती फाइल वाचणार कोण. रिलेटिव्ह लाइन नंबर (कर्सरपासून मोजलेले ओळींचे आकडे) लावले असतील तर काढा, कर्सर हलला की डावीकडचा अख्खा रकाना नव्याने काढावा लागतो.

अजून एक, आपल्यापैकी बरेचजण अख्खा परिच्छेद एका ओळीत लिहितात. ईमॅक्स २९ मधे लांब ओळींसाठी जी सुधारणा झाली ती ५० हजार अक्षरांपुढच्या ओळींना लागू होते, आपला परिच्छेद त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका, फाइल फार जड वाटली तर ओळी तोडा.

आणि घरून रिमोट डेस्कटॉपने काम करत असाल तर स्मूथ स्क्रोल सरळ बंद. तिथे प्रत्येक छोट्या सरकण्याचं चित्र नेटवरून येतं, कुठलीही सेटिंग त्याला पुरी पडत नाही. तेच व्हीएस कोडलाही (दुसरा कोड एडिटर) लागू, तिथे तर स्मूथ स्क्रोलिंग मुळातच बंद असतं.

हे सगळं करून पण अडकला तर प्रोफायलर-स्टार्ट (वेळ कुठे जातो ते मोजणारी कमांड), सीपीयू निवडा, थोडा वेळ स्क्रोल करा, मग प्रोफायलर-रिपोर्ट. त्यात ऑटोमॅटिक जीसी किती टक्के आहे ते बघा आणि रीडिस्प्लेची (स्क्रीन नव्याने काढण्याची) ओळ उघडून तिच्या खालचं सगळं इथे टाका. नुसता वरचा आकडा टाकू नका, त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.