ताडपत्राचं एकच सुटं पान असेल, तर ते ग्रंथात कुठलं हे कसं शोधायचं?

समजा, तुमच्याकडे अशा पानाचा फोटो आहे, त्याखाली 'अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता (8000 श्लोकांएवढा संस्कृत बौद्ध ग्रंथ), पालकालीन (पूर्व भारतातल्या पाल राजांच्या काळातलं), 11-12 वं शतक' एवढंच आहे आणि पानावरचा मजकूर ग्रंथात कुठला ते तुम्हाला हवंय. ते शोधता येतं. फक्त मधल्या चित्रावर विसंबू नका. बुद्धजन्म, सारनाथचं प्रवचन, वैशालीत माकडाने दिलेला मध ही चित्रं या पोथ्यांत नेहमीची. शेजारच्या मजकुराशी त्यांचा बहुधा संबंध नसतो.

आधी पत्रांक, म्हणजे पानाचा क्रमांक, बघा. तो पानाच्या मागच्या बाजूला समासात असतो, कधी आकड्यांत तर कधी अक्षरांकांत (आकड्यांऐवजी वापरलेल्या अक्षरांत), म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. मग ओळीतली अक्षरं मोजा. ग्रंथ गद्य असला तरी माप 32 अक्षरांच्या श्लोकाचं: 8000 गुणिले 32, म्हणजे सुमारे 2,56,000 अक्षरं. एका बाजूला 6 ओळी आणि ओळीत 100 अक्षरं धरली तर पानावर 1200 झाली. पत्रांक 60 असेल तर साधारण 28 टक्के ग्रंथ मागे पडला. चित्रांसाठी आणि दोरीच्या भोकांभोवती जागा सोडतात, त्यामुळे थोडं मागेपुढे होणारच.

आता शब्द. 'पुनरपरं सुभूते', 'भगवानाह' शोधून काही हाती लागत नाही, ते पानोपानी येतात. विशेषनाम पकडा: 'गङ्गदेवा' दिसली तर 19 वा परिवर्त (अध्याय), 'सदाप्ररुदित' दिसला तर 30 व्यापासून पुढे. ताडून बघायला प. ल. वैद्यांची 1960 ची दरभंग्याची देवनागरी आवृत्ती सर्वांत सोयीची. तिच्यात हरिभद्राची टीकाही आहे. टक्के मोजताना ती वगळा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लेखनपद्धतीमुळे. पूर्वेकडचे लेखनिक ब आणि व सारखाच काढतात, रेफानंतरचं (रफारानंतरचं) व्यंजन दुहेरी लिहितात ('सर्व्व', 'धर्म्म'), अवग्रह (ऽ) बहुतेकदा गाळतात. जसंच्या तसं टाइप केलंत तर संगणकावर काहीच सापडणार नाही. आधी 'सर्व', 'धर्म' करून घ्या. तरीही जुळलं नाही तर पंचविंशतिसाहस्रिका, म्हणजे याच ग्रंथाचा 25,000 श्लोकांचा मोठा पाठ, उघडा, तीच वाक्यं तिथे विस्ताराने येतात.

राजाचं नाव, राज्यवर्ष आणि 'देयधर्मोऽयम्' ने सुरू होणारी दात्याची नोंद पोथीच्या शेवटी असते. चित्रांची पानं सुटी करून विकली गेली तेव्हा त्यांचा या नोंदीशी संबंध तुटला, म्हणून पाटीवर नुसतं शतक उरतं. फार मोठं नुकसान आहे हे. पण पानाची लांबी-रुंदी, भोकांमधलं अंतर आणि ओळींची संख्या मिलिमीटरपर्यंत नीट टिपून ठेवा. ही मापं आणि हस्ताक्षर जुळलं, तर त्याच पोथीची पानं दुसऱ्या संग्रहात ओळखता येतात.