ऑक्सिजन कमी पडल्यावर ग्रोथ फॅक्टर मेंदूच्या मूलपेशींना वाचवतात, म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही लिहिलंय की दापोलीला बहिणीच्या बाळाला जन्मताना ऑक्सिजन कमी पडला, आता ते चार महिन्यांचं आहे आणि कुणीतरी ‘ग्रोथ फॅक्टरने मेंदूच्या मूलपेशी वाचतात, इंजेक्शन घ्या’ म्हणून मागे लागलंय. मूलपेशी म्हणजे ज्यांपासून मेंदूच्या इतर पेशी तयार होतात त्या, आणि ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायला, तगायला सांगणारी प्रथिनं. प्रयोगशाळेतल्या बशीत ते खरं आहे. बाळाचं शेवटी लिहितो.

मी मालवणचा. पुण्यात काही वर्षं पेशी वाढवण्याचं काम केलं, आता रत्नागिरीत शिकवतो. ओहोटीला आमच्या खडकांवरची कालवं शिंपा घट्ट मिटून बसतात ना, ऑक्सिजनशिवायच साठवलेलं खाणं मोडत भरतीची वाट बघतात, मेंदूतल्या मूलपेशी थोड्या त्याच जातकुळीतल्या. साध्या चेतापेशीला रक्त थांबलं की मिनिटं मोजावी लागतात. मूलपेशींचं घरच कमी ऑक्सिजनचं. हवेत 21 टक्के ऑक्सिजन, तर मेंदूच्या आत बऱ्याच ठिकाणी 5 टक्क्यांच्याही खाली. बशीतला ऑक्सिजन तेवढा उतरवला तर या पेशी उलट जोमाने वाढतात.

त्याला कारण हिफ-1 नावाचं प्रथिन. ऑक्सिजन पुरेसा असेल तर एक एन्झाइम त्यावर खूण करतं आणि खूण झालेलं प्रथिन लगेच मोडीत निघतं. खूण करायलाच ऑक्सिजन लागतो, त्यामुळे तो घटला की हिफ साचतं आणि नव्या रक्तवाहिन्या फुटवणारा व्हीईजीएफ, तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन अशांची जनुकं चालू करतं. हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या शास्त्रज्ञांना 2019 चं नोबेल मिळालं. म्हणजे टंचाईत शरीर स्वतःच ग्रोथ फॅक्टर बनवायला घेतं.

पण ऑक्सिजन जवळजवळ संपलाच आणि तसाच बराच वेळ राहिला, तर मूलपेशीही मरते, आणि बरेचदा ती स्वतःच स्वतःला संपवते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर गळतं, कॅस्पेझ नावाची कात्री चालू होते, पेशीचे तुकडे. इथे ईजीएफ आणि एफजीएफ-2 हे ग्रोथ फॅक्टर कामी येतात. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या त्यांच्या ग्राही प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटले की आत एकेटी नावाचं एन्झाइम जागं होतं, ते बॅड या मारक प्रथिनावर फॉस्फेट चढवून त्याला निकामी करतं आणि गळती रोखली जाते. ऑक्सिजनचा एक कणही वाढत नाही, फक्त मरणाचा हुकूम अडतो.

हे मी गणपतीत शिकलो. 1992 मध्ये रेनॉल्ड्स आणि वाइस या शास्त्रज्ञांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून मूलपेशी काढल्या त्या ईजीएफच्याच जोरावर. त्या तरंगते गोळे करून वाढतात. मी गावी आलो आणि ग्रोथ फॅक्टर घालायचं कुणाला सांगितलंच नाही. परत जाऊन बघतो तर छोटे गोळे विस्कटलेले, मोठ्यांचा मधला भाग काळपट. मध्ये ऑक्सिजन पोचत नाही, आणि आता तग धरायला लावणारंही काही उरलं नव्हतं. सरांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता बाळाचं. बशीतून मेंदूपर्यंतचा रस्ता लांब आहे. ही मोठी प्रथिनं, रक्तातून मेंदूत सहज शिरत नाहीत. ईजीएफ पेशींना विभागत ठेवतं, चेतापेशी होऊ देईलच असं नाही. एरिथ्रोपोएटिनबद्दल उंदरांत फार आशा होती. अमेरिकेत जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या 500 बाळांच्या चाचणीत, शरीर थंड करण्याच्या उपचाराच्या जोडीला ते देऊन पाहिलं, 2022 मध्ये निकाल आला: फायदा नाही, गंभीर दुष्परिणाम थोडे जास्तच. तो थंडावा देण्याचा उपचारही पहिल्या 6 तासांत सुरू करायचा असतो, आणि भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या 2021 च्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. तुमचं बाळ चार महिन्यांचं आहे, ती वेळ कधीच गेली.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांपलीकडे मूलपेशी उपचार फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागणाऱ्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. तोवर ताईला म्हणावं, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बाळाचे कान, डोळे आणि हालचाल तपासून घे, फिजिओथेरपी आत्ताच सुरू कर. भातलावणी आटपल्यावर बघू, असं नको.