स्वनातीत की श्राव्यातीत?

अमेरिकन वैमानिक चक येगरच्या एक्स-१ विमानाबद्दल वाचताना सुपरसॉनिकसाठी, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान या अर्थी, कुठे स्वनातीत दिसलं, कुठे श्राव्यातीत, यातलं बरोबर कुठलं, असा प्रश्न आलाय. उत्तर स्वनातीत. श्राव्यातीत म्हणजे अल्ट्रासॉनिक, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज, वटवाघळांचा आणि सोनोग्राफीवाला, त्याचा विमानाच्या वेगाशी काडीचा संबंध नाही तरी लोक खुशाल ठोकून देतात, चीड येते अक्षरशः. इंग्रजीत पण आधी सुपरसॉनिक हा शब्द न ऐकू येणाऱ्या लहरींसाठीच वापरायचे, पण त्यांनी तो घोळ निस्तरला, आपण अजून घालतोय.

खरी गंमत पुढे आहे. संस्कृत स्वन आणि लॅटिन सोनुस एकाच मुळातून आलेत, आणि सॉनिक आलाय सोनुसवरून, म्हणजे स्वन आणि सॉनिक नात्यातलेच! ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना हे नक्की माहीत असणार, असं माझं ठाम मत आहे. काही जाणकार म्हणतात ध्वन्यतीत करा, लोकांना ध्वनी कळतो. साफ अमान्य. ध्वनी वेगळ्या धातूचा, इंग्रजीतला गोंगाटवाला डिन त्याच्या नात्यातला. आणि अतीत म्हणजे भूतकाळ, मग तो इथे कशाला, असं विचारणाऱ्यांना कालातीत, वर्णनातीत म्हणताना बरं काही अडत नाही!

अतीत म्हणजे अति + इत, ओलांडून गेलेला. सुपरमध्ये नुसतं 'वर' आहे, अतीतमध्ये जाणं आहे, म्हणून मला तर आपला शब्द मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. १४ ऑक्टोबर १९४७ ला कॅलिफोर्नियात म्युरॉक हवाई तळावर बी-२९ या बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखालून एक्स-१ सुटलं, अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन जाळणाऱ्या रॉकेटच्या जोरावर सुमारे ४३,००० फुटांवर गेलं, तिथे माखमीटरचा, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या तुलनेत वेग दाखवणाऱ्या यंत्राचा (१ माख म्हणजे आवाजाचा वेग), काटा ०.९६५ जवळ थरथरला आणि एकदम स्केलच्या बाहेर गेला, कारण डायलवर आकडेच १ पर्यंत होते. नंतर हिशोब करून वेग १.०६ माख निघाला. हे खरं अतीत.

आणि हो, माख म्हणा. मॅच नको, मॅक पण नको. अर्न्स्ट माख हे एका भौतिकशास्त्रज्ञाचं नाव आहे, आणि जर्मनमधला तो ख आपल्याला लिहिता येतो आणि बऱ्यापैकी म्हणताही येतो.