मोफत एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या सर्व्हरवरून वाटायचं असेल तर निर्यात परवाना लागतो का?

परवाना बहुतेक वेळा लागत नाही. पण कारण ‘फुकट आहे म्हणून’ हे नाही, सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) सगळ्यांसाठी खुला आहे म्हणून. फुकट बायनरी (थेट चालणारी तयार फाइल) दिली आणि सोर्स दडवून ठेवला, तर ही सवलत विसरा.

अमेरिकेच्या निर्यात नियमांत (ईएआर) एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर ५डी००२ या वर्गात येतं. सोर्स खुला असला तरी पूर्वी वाणिज्य खात्याच्या बीआयएसला (निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा विभाग) आणि एनएसएला (राष्ट्रीय सुरक्षा संस्था) कोडचा इंटरनेटवरचा पत्ता ईमेलने कळवावा लागे. मार्च २०२१ पासून एईएस, आरएसएसारखी प्रमाणित पद्धत वापरणाऱ्यांना तेही माफ आहे. स्वतः रचलेला, कुठेही प्रसिद्ध न झालेला अल्गोरिदम (एन्क्रिप्शनची पद्धत) असेल तर मात्र ईमेल आजही पाठवायचा. (आणि तसा अल्गोरिदम मुळात वापरूच नका, हे माझं फुकटचं मत!)

हे नेहमीच इतकं सोपं नव्हतं. १९९१ मध्ये आलेल्या ‘पीजीपी’ या ईमेल एन्क्रिप्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरचा निर्माता फिल झिमरमन याच्यामागे निर्यातीवरून चौकशी लागली, ती १९९६ मध्ये थांबली. दरम्यान एमआयटी प्रेसने पीजीपीचा सोर्स कोड चक्क पुस्तक म्हणून छापला. छापील पुस्तक परदेशी पाठवायला बंदी नव्हती ना!

सॉफ्टवेअर विकायचं असेल किंवा सोर्स बंद ठेवायचा असेल, तर वकील गाठा.