वाचकांचे प्रश्न : न्यीरागोंगोच्या पायथ्याशी

प्रश्न : काँगोमधील न्यीरागोंगो हा जागृत ज्वालामुखी विरुंगा राष्ट्रीय उद्यानात असून तेथेच पहाडी गोरिला राहतात, असे वाचनात आले. उद्रेकाच्या वेळी या प्राण्यांचे आणि पायथ्याच्या वस्त्यांचे काय होते? प्राण्यांना आधीच चाहूल लागते, हे खरे का? आपल्या पुण्याचा कातळही लाव्ह्याचाच आहे. मग आपण कितपत निर्धास्त राहावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पुण्याची काळजी नसावी. पाताळेश्वराचे लेणे ज्या कातळात कोरले आहे, तो घडवणारे उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे असून, भारतात आज जागृत असलेला एकमेव ज्वालामुखी अंदमानातील निर्मनुष्य बॅरन बेटावर आहे.

विरुंगातील गोरिला मुख्यतः मिकेनो आणि त्याच्या शेजारच्या शांत पर्वतांच्या उतारांवर राहतात, त्यामुळे न्यीरागोंगोच्या लाव्ह्याची झळ त्यांना सहसा लागत नाही. चाहुलीवर मात्र फार विसंबू नये. या पर्वताच्या लाव्ह्यात सिलिका अतिशय कमी असल्याने तो विलक्षण पातळ असतो. 10 जानेवारी 1977 रोजी उतारांना भेगा पडून शिखरावरचे लाव्हाचे तळे तासाभराच्या आत रिकामे झाले आणि त्या लोंढ्यात सापडलेल्या हत्तींच्या देहांचे साचे थिजलेल्या दगडात तसेच राहिले. हत्तीला जिथे निसटता आले नाही, तिथे माणसाची काय कथा! जानेवारी 2002 मध्ये लाव्हा गोमा शहरातून वाहत थेट किवू सरोवरात उतरला आणि लाखो लोकांना घरे सोडावी लागली. 22 मे 2021 च्या उद्रेकात तो शहराच्या वेशीपाशी थांबला, तरी वाटेतील वस्त्या वाचल्या नाहीत.

उद्रेक नसतानाही धोका टळत नाही, आणि माझ्या मते याकडे पुरेसे लक्ष जात नाही. तेथील खोलगट जागांत जमिनीतून झिरपणारा, हवेपेक्षा जड असा कार्बन डायऑक्साइड साचतो. स्थानिक लोक अशा जागांना ‘माझुकू’ म्हणतात, आणि त्यांत उतरलेली जनावरे व माणसे गुदमरून मरतात. शिखरातून निघणाऱ्या वायूंमुळे पावसाचे पाणी आम्लयुक्त होऊन पिके करपतात, शिवाय त्यात फ्लोराइड उतरते. ज्या गावांची तहान पागोळ्यांच्या पाण्यावरच भागते, त्यांना ते टाळताही येत नाही.

वन्यजीवांच्या दृष्टीने लाव्ह्यापेक्षा चिवट संकट जंगलतोडीचे आहे. गोम्यातील बहुतेक चुली लाकडी कोळशावर पेटतात, त्यातला बराचसा कोळसा उद्यानातील झाडांचा असतो, आणि उद्रेकाने वा युद्धाने विस्थापित झालेली कुटुंबे जंगलाच्या कडेला येऊन राहिली की ही तोड आणखी वाढते. उद्यानाच्या पुढाकाराने 2015 मध्ये मातेबे येथे जलविद्युत केंद्र सुरू झाले, त्यामागील एक हेतू या कोळशाला पर्याय देणे हाही होता.